गुळाच्या गाडीचा पाव मैल

तोंडात मिरची-भजी असताना माणसानं कुठलीही प्रतिज्ञा करू नये. तिखट लागलं की आपण हो म्हणतोय, नाही म्हणतोय की पाणी मागतोय, हे ज्याचं त्यालाही कळत नाही. हुबळीतल्या केशवापूरच्या गणेशोत्सव मंडळाच्या सभेत गोविंदराव तासगावकर "मीही उतरतो!" असं जे ओरडले ते अशाच अवस्थेत. पण सभेला भज्याशी काय देणंघेणं? सभेनं टाळ्या वाजवल्या आणि गोविंदराव अडकले.

झालं होतं असं. तासगावकरांचं जुन्या हुबळीत गुळाचं दुकान. मंडळाचा गणपती विसर्जनाला निघतो तो तासगावकरांच्याच गाडीतून, हे गोविंदरावांच्या वडिलांपासून चालत आलेलं. आधी बैलगाडी होती, मग मॅटॅडोर आली, मग ही डिझेल पिकअप. पण गेल्या वर्षी रेल्वे पुलाखालच्या चढावर पिकअपनं एक सुस्कारा टाकला आणि ती थांबली. ढोल थांबले, लेझीम थांबली, बाप्पा तेवढे हसतमुख राहिले. शेवटी अर्ध्या केशवापूरनं मागून रेटा दिला. त्या रेट्यात सगळ्यात पुढे होते शेजारचे गुरुराज देसाई, आणि घाम पुसता पुसता ते सगळ्यांच्या देखत म्हणाले, "तासगावकरांची गाडी बाप्पाला नेत नाही बरं का. बाप्पाच गाडीला नेतात."

हे वाक्य वर्षभर केशवापुरात फिरलं. गोविंदराव दाढी करायला गेले की न्हाव्याच्या ओठांवर ते दिसायचं. वैकुंठवासी वडिलांच्या फोटोला हार घालताना तर गोविंदरावांना वर बघायचा धीरच व्हायचा नाही.

आणि आता या वर्षीच्या सभेत गुरुराजनी स्वतःची नवीकोरी पिकअप देऊ केली. त्यांची पाइपांची एजन्सी, गाडी पांढरीशुभ्र, सीटचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही. वर ते म्हणाले, "गाडीत दम आहे हो. पुढच्या महिन्यात मोटर क्लबवाल्यांची पाव मैलाची शर्यत आहे, तिच्यात पिकअपचा वेगळा गट आहे. मी उतरवतोय. कळेल की!" त्यावर ते भजं, तो ठसका आणि ती प्रतिज्ञा.

मंडळाच्या अध्यक्षा श्यामलाबाई. चाळीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या, आणि निवृत्त झाल्या हे त्यांना अजून कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही. त्यांनी टेबलावर पेन आपटलं. "ठरलं. ज्याची गाडी पुढे, त्याच्या गाडीत बाप्पा. पुढचा विषय, मांडव."

मागून कुणीतरी चाचरत विचारलं, "पण बाई, मिरवणूक तर मुंगीच्या पावलानं जाते. तिथं वेगाचा काय संबंध?"

"विषय संपला की हात वर करायची ही जुनी सवय आहे तुझी," श्यामलाबाई म्हणाल्या. तो माणूस पन्नाशीचा होता. तो खाली बसला.

दुसऱ्या दिवशी गोविंदराव गोकुळ रोडला बाबू मिस्त्रीच्या गॅरेजात. बाबूनं बॉनेट उघडलं, हवेच्या फिल्टरचं झाकण काढलं आणि दोन पावलं मागे सरकला. आत मुंग्या होत्या. थोड्याथोडक्या नव्हेत, पिढ्यान्‌पिढ्या सुखानं नांदणारं खटलं होतं. गुळाची गाडी म्हटल्यावर दुसरं काय असणार? गुळाचा चिकटा, त्यावर धूळ आणि त्यावर मुंग्या, असा थर बसून इंजिनला श्वास घ्यायला जागाच उरली नव्हती.

"अण्णा, गेल्या वर्षी गाडी चढावर का थांबली ते कळलं की नाही?" बाबू म्हणाला. "हिला दमा झालता."

नवा फिल्टर बसला. मग बाबूनं डिझेलच्या पंपाचा कुठलासा स्क्रू पिळला आणि रेस दिली. इंजिन असं काही गरजलं की समोरच्या कारखान्याचा वॉचमन स्टूल सोडून उठला. "भारी ऐतरी!" म्हणजे झकास आहे की, असं म्हणत बाबू स्वतःवरच खूश झाला. मागे काळ्या धुराचा लोट उठला होता आणि त्यात बाबूचा चहा आणणारा दिसेनासा झाला होता, पण त्याकडे त्या क्षणी कुणाचंच लक्ष नव्हतं.

रविवारी कारखाने बंद असतात. त्या वॉचमनच्या मेहेरबानीनं बंद कारखान्याच्या आवारातल्या सरळ सिमेंटच्या रस्त्यावर चाचणी झाली. मुलगी भार्गवी मोबाइलचं घड्याळ घेऊन टोकाला उभी राहिली. गोविंदरावांनी गणपतीचं नाव घेतलं आणि क्लच सोडला.

"चोवीस सेकंद, अप्पा."

"हे चांगलं की वाईट?"

"गुरुराजकाकांचं एकवीस आलंय म्हणे. मेधाने स्टेटस टाकलंय."

मेधा ही गुरुराजची सून. गोविंदरावांना एकवीस हा आकडा त्या दिवसापासून आवडेनासा झाला. गणपतीला एकवीस दुर्वा मोजतानासुद्धा ते वीसवर थांबायला लागले.

आता सल्ले सुरू झाले. हुबळीत माणसाला आजार झाला तर निदान डॉक्टरला तरी आधी विचारतात, गाडी आजारी पडली की कुणी कुणाला विचारत नाही. किराणावाले म्हणाले, टायरात हवा वाढवा. पोस्टातले म्हणाले, कमी करा. गोविंदरावांनी मनाचा मोठेपणा दाखवून डाव्या चाकात वाढवली आणि उजव्यात कमी केली, तर गाडी उजवीकडच्या नाल्याची चौकशी करायला निघाली. बंगळूरला कंप्यूटरमध्ये असलेला भाचा अनिश. त्यानं फोनवर निकालच दिला. "मामा, एकच मंत्र. वजन! वजन काढा. जेवढी हलकी तेवढी पळेल."

हा मंत्र गोविंदरावांना पटला. सारं आयुष्य वजन करण्यात गेलेलं, वजन काढायचं म्हणजे काय ते त्यांना कळत होतं. मागचं फाळकं निघालं. स्टेपनी निघाली. टपावरचं कॅरियर, गालिचा, शेजारची सीट, आरसे, डॅशबोर्डवरचा मान हलवणारा कुत्रा, सगळं एकेक करून घराच्या व्हरांड्यात येऊन बसलं. मालतीबाईंना, म्हणजे त्यांच्या कुटुंबाला, तुळशीला पाणी घालायला सीटवरून चढून जावं लागायला लागलं.

"आता तुमचंही काढायचं का?" त्या म्हणाल्या.

त्या थट्टेनं म्हणाल्या, पण गोविंदरावांनी ते गंभीरपणे घेतलं. भात बंद, तूप बंद, संध्याकाळचं चुरमुऱ्यांचं गिरमिट बंद. ज्या माणसानं गेली तीस वर्षं बोटावर गुळाचा खडा घेऊन "चव बघा की" म्हणत गिऱ्हाईक सांभाळलं, तो आता गिऱ्हाइकाला चव बघायला सांगून स्वतः तोंड फिरवायला लागला. गिऱ्हाइकांना वाटलं, गुळात काहीतरी खोट आहे.

आणि मालतीबाईंना खरी चिंता वेगळीच होती. तासगावकरांच्या घरात एक नियम होता. रिकामी गाडी दारातून बाहेर काढायची नाही. सासऱ्यांनी घालून दिलेला. माल नसेल तर एक ढेप टाका, ढेप नसेल तर नारळ ठेवा, पण व्यापाऱ्याची गाडी रिकामी निघाली की बरकत रुसते. बैलगाडीपासून हा नियम कुणी मोडला नव्हता. गोविंदरावांनी चाचणीसाठी तो मोडला, नारळासकट गाडी रिकामी केली. "नारळालाही वजन असतं," ते म्हणाले.

"मामंजींना काय वाटेल?"

"मामंजींना पाव मैल पळायचं नव्हतं."

पण बघा हं, गाडी जसजशी हलकी होत गेली तसतशी ती मंद होत गेली. पंचवीस. मग सव्वीस. क्लच सोडला की मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरायची, रबराचा वास सुटायचा, धूळ उडायची आणि गाडी मात्र पुढे जायचं की नाही याचा विचार करत उभी. बाबू म्हणाला इंजेक्टर. वॉचमन म्हणाला नजर. अनिश म्हणाला, "अजून वजन काढा मामा." आता काढायला फक्त मागचा हौदा आणि गोविंदराव उरले होते.

तिसऱ्या रविवारी परत येताना ट्रॅफिक हवालदारानं हात दाखवला. त्यानं गाडीला एक प्रदक्षिणा घातली. फाळकं नाही, आरसे नाहीत, स्टेपनी नाही. "नंबर प्लेट एल्ली?" म्हणजे कुठं आहे, त्यानं कानडीत विचारलं.

नंबर प्लेट फाळक्याला होती. फाळकं व्हरांड्यात होतं. व्हरांड्यात त्या क्षणी मालतीबाई त्यावर कुरडया वाळत घालत होत्या.

गोविंदरावांना चौकीवर नेलं. आयुष्यात पहिल्यांदा. जुन्या हुबळीत ज्याच्या तराजूवर लोक डोळे मिटून विश्वास टाकतात, तो माणूस बाकड्यावर एका सायकलचोराच्या शेजारी बसला. आणि सायकलचोरानं सरकून जागा दिली, तेच जास्त लागलं. साहेबांनी विचारलं, गाडीचे भाग काढून कुठं विकताय? गोविंदरावांनी सगळी हकिगत सांगितली. साहेब गंभीरपणे ऐकत राहिले, मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "गियर किती आर.पी.एम.ला टाकता?" त्यांनी अर्धा तास सल्ला दिला आणि वर दंडाची पावतीही दिली. दोन्ही गोविंदरावांनी खिशात घातलं.

शर्यतीच्या अर्जाला धुराचं ताजं सर्टिफिकेट लागत होतं. केंद्रातल्या माणसानं नळी लावली, "रेस द्या" म्हणाला, आणि पुढचं काही त्याला बोलता आलं नाही. धूर विरल्यावर तो खोकत बाहेर आला आणि पाटी उलटी फिरवून चहाला निघून गेला. मग बाबूनं तो स्क्रू थोडा सैल केला, पुन्हा रांग, पुन्हा नळी. आता धूर काळाही नव्हता आणि पांढराही नव्हता, विठोबासारखा सावळा होता. मशीननं तो कसाबसा पास केला. चौकीचा धसका होताच, त्यामुळे फाळकंही कुरडया झटकून परत लागलं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी गोविंदराव दुकानात गादीवर बसले होते ते नुसतेच. मालतीबाई डबा घेऊन आल्या तर म्हणाले, "अगं, हरणार मी. शर्यत गेली खड्ड्यात. पण यंदा बाप्पा दुसऱ्याच्या गाडीत बसणार, आणि मी मागून चालणार. वडिलांनी बैलांच्या गळ्यात स्वतः घुंगरं बांधली होती गं त्या दिवसासाठी. माझ्या हातून सुटलं ते."

मालतीबाईंनी डबा उघडला आणि भातावर तूप वाढलं. गोविंदरावांनी ते निमूटपणे खाल्लं.

शर्यतीच्या सकाळी गोविंदराव आंघोळ, पूजा, पुन्हा एकदा पूजा, असं करून बाहेर आले तेव्हा गाडी दारात तयार होती. हौद्यावर ताडपत्री ओढून बांधलेली. "धूळ नको बसायला," मालतीबाई म्हणाल्या आणि भार्गवीला घेऊन रिक्षात बसल्या. वाटेत गोविंदरावांना गाडी जड वाटली. पण त्या सकाळी त्यांना स्वतःचे पायही जड वाटत होते, म्हणून त्यांनी मनावर घेतलं नाही.

शर्यत होती गावाबाहेर, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लांबच लांब सरळ रस्त्यावर. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सोडायच्या. आधी वजनकाटा, मग तपासणी. काट्यावरच्या माणसानं आकडा लिहिला, ताडपत्रीचं टोक उचललं आणि ओरडला, "बेल्ल! अरे, बेल्ल!"

बेल्ल म्हणजे गूळ. अवघा गूळ! ढेपांवर ढेपा, मागच्या चाकांच्या बरोबर वर, सुंभाच्या दोरीनं आवळून बांधलेल्या. आणि सगळ्यात वर हळदकुंकू लावलेला एक नारळ.

"मालती!" गोविंदरावांचा आवाज निम्मा कानडी मुलुख ओलांडून गेला.

"ओरडू नका," मालतीबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या. "रिकामी गाडी गेले तीन आठवडे नेताय. काय मिळालं? चौकी मिळाली. शर्यतीत हरायचंच असेल तर निदान मामंजींच्या रीतीनं हरा."

"उतरवा! सगळं उतरवा!" गोविंदराव ताडपत्रीला झोंबले. काट्यावरच्या माणसानं त्यांचा हात धरला. माल बांधलेला असेल तर नियमात बसतो, आणि एकदा वजनाची नोंद झाली की गाडीतून सुपारीसुद्धा काढता येत नाही. सरकारी असो की खाजगी, नोंद ती नोंद.

लोक हसायला लागले. "शर्यतीला आलाय की बाजाराला?" शेजारच्या रांगेत गुरुराजची गाडी उभी होती. तिचं फाळकं काढलेलं, हौदा झाडून पुसून लख्ख. गुरुराजनी काच खाली केली. "गोविंदराव, वाटेत डिलिव्हरी आहे का?"

गोविंदरावांनी स्टेअरिंगवर डोकं टेकवलं. गेली अब्रू, म्हणाले मनाशी, जाताना गुळासकट गेली. मग त्यांना वडिलांचा चेहरा आठवला आणि का कोण जाणे, थोडं हसू आलं. आता गमवायला काहीच नव्हतं.

दिवा हिरवा झाला. दोघांनी क्लच सोडले.

गुरुराजच्या गाडीनं आकांत मांडला. मागची चाकं गरगरली, सिमेंटवरची धूळ ढगासारखी वर आली, रबर किंचाळलं. आणि गाडी तिथंच, लग्नातल्या रुसलेल्या आत्याबाईसारखी. घरच्या डांबरी रस्त्यावर एकवीस सेकंदांत पळणारी ती पांढरीशुभ्र गाडी या धुळीत पाय रोवायला जागा शोधत राहिली.

आणि गुळाची गाडी? तिची मागची चाकं त्या ढेपांच्या भारानं जमिनीला अशी चिकटली होती की फिरल्याबरोबर तिला पुढं जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. गोविंदरावांना पाठीत धक्का बसला. दुसरा गियर. सावळा धूर. तिसरा. नारळ हौद्यात डुगडुगतोय, दोरी करकरतेय, कुंपणामागून भार्गवी "अप्पा, अप्पा" ओरडतेय. अर्ध्या वाटेवर गुरुराजची गाडी आरशात दिसायला लागली. आरसा बाबूनं आदल्या दिवशी परत बसवला होता, म्हणून ते सुख बघायला मिळालं. ती जवळ येत होती, झपाट्यानं येत होती, पण पाव मैल तो केवढा! ती पोचायच्या आधी संपला.

गोविंदराव ब्रेक लावून बसून राहिले. दार उघडून उतरायचं असतं हे त्यांना सुचेना. भार्गवी धावत आली. "अप्पा, एकवीसच्याही आत!"

"खरं?"

"खरं!"

मग त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की बाबू म्हणाला, "अण्णांचाबी फिल्टर साफ झाला."

कारणं आता ज्याची त्यानं आपापली लावली. बाबू म्हणाला, पंप. अनिश फोनवर म्हणाला, "मी तेच सांगत होतो मामा. वजन!" काढायचं की घालायचं हा तपशील त्यानं वगळला. क्लबच्या माणसानं मागच्या चाकांवर भार, पकड, वगैरे काहीतरी समजावलं. मालतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे मामंजी बरोबर होते." त्यांनी नारळ फोडला आणि एक ढेप फोडून सगळ्यांना गूळ वाटला. पहिला खडा गुरुराजना दिला. गोविंदरावांनी दुसरा उचलला आणि सगळ्यांसमोर सावकाश चघळला.

श्यामलाबाईंनी निकाल वहीत लिहिला. गुरुराज हिरमुसले, पण माणूस मोकळा. म्हणाले, "ढोलवाले माझ्या गाडीत. तेवढं तरी राहू द्या." ते राहू दिलं.

विसर्जनाचा दिवस. गाडीला केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, हौद्यात बाप्पा. निघताना गोविंदराव ढेप घेऊन मागे आले.

"आता कशाला?" मालतीबाई म्हणाल्या. "साक्षात बाप्पा बसलेत. गाडी रिकामी कुठाय?"

"असू दे गं," ते म्हणाले आणि ढेप हळूच पाटाशेजारी ठेवली.

मिरवणूक निघाली. ढोल, गुलाल, आरत्या, कोपऱ्या-कोपऱ्यावर पानसुपारी. अखेर रेल्वे पुलाखालचा तो चढ आला. ढोल आपोआप हळू झाले. मंडळातल्या झाडून सगळ्यांनी बाह्या सारल्या आणि मागे जाऊन फाळक्याला हात लावले. सवय हो, वाईट हेतू कुणाचा नव्हता. सगळ्यात पुढे गुरुराजच. गोविंदरावांनी ते आरशात बघितलं, घाम पुसला, पहिला गियर टाकला आणि क्लच अगदी बाळाच्या अंगावरून पांघरूण काढावं तसा सोडला.

गाडी चढली. कुणी रेटायच्या आधीच चढली. मागे हात लावून वाकलेलं अर्धं केशवापूर हात तसेच पुढे धरून रस्त्यात आडवं झालं, आणि गुलालात लोळत सगळ्यात आधी गुरुराजच ओरडले, "गणपती बाप्पा मोरया!"

वर पोचल्यावर गोविंदरावांनी गाडी थांबवली. डोळे पुसायचे होते. गुलाल गेला असावा. भार्गवी खिडकीशी आली, हातात मोबाइल. "अप्पा, मांडवापासून इथपर्यंत बरोबर पाव मैल होतो. घड्याळ लावलं होतं मी. साडेचार तास!"

गोविंदरावांनी एकदा मागे बाप्पांकडे बघितलं, एकदा वर आभाळाकडे.

"लवकर आलो," ते म्हणाले. "पुढचा पाव मैल सावकाश नेतो."